दोन सूत जागा

एखादी वस्तू ‘अमक्याने केली’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. आईने करंज्या केल्या, कुंभाराने पणत्या केल्या, सुताराने पाट केला. यात विचारण्यासारखे काय आहे? पण ‘करणे’ हे मराठीतील सर्वांत साधे क्रियापद गेल्या काही वर्षांत माझ्यापुरते अवघड होऊन बसले आहे, आणि त्याला कारण झाले आहे एक यंत्र. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञानाची पुस्तके मी परीक्षेसाठी कधी वाचली नाहीत. त्यामुळे जे प्रश्न पंडितांना ग्रंथांत भेटतात, ते मला बाजारात, वर्गात आणि देवळाच्या पारावर भेटतात. हाही असाच भेटला.

जालना शहर ओळखले जाते ते लोखंडी सळयांसाठी, बियाण्यांसाठी आणि मोसंबीसाठी. लाकडावरच्या कलाकुसरीसाठी त्याचे नाव कोणी घेत नाही. तरीसुद्धा आज औद्योगिक वसाहतीच्या कडेने हिंडलात, तर सळयांच्या ट्रकांच्या खडखडाटात मधूनच एक वेगळा, उंच पट्टीतला, दाताच्या दवाखान्याची आठवण करून देणारा आवाज कानी येतो. पत्र्याच्या एखाद्या शेडमध्ये डोकावावे. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असा लोखंडी पलंग मांडलेला असतो; प्लायवूडचा अख्खा तक्ता त्यावर मावतो. संगणकाच्या हुकमाने चालणारा हा राउटर. व्यवहारात त्याला सगळे नुसते ‘सीएनसी’ म्हणतात.

याची रीत समजावयास कठीण नाही. लाकूड पलंगावर घट्ट आवळून बसवतात. लांबीने, रुंदीने आणि वरखाली अशा तीन दिशांनी सरकणारे एक डोके असते. त्यात मिनिटाला १८ ते २४ हजार फेरे घेणारी पोलादी बिट बसवलेली असते. डोके कोठे जावे, किती खोल उतरावे, किती वेगाने पुढे सरकावे, हे एका फाईलीत ओळीने लिहिलेले असते. एक ओळ म्हणजे एक हुकूम. येथून तेथवर हवेतून जा. तेथून पुढे कापत जा. या ठिकाणी एवढ्या त्रिज्येचे वळण घे. गणपतीच्या एका सोंडेसाठी असे हजारो हुकूम लागतात. आधी जाड बिटने ओबडधोबड आकार काढतात, मग गोल टोकाच्या बारीक बिटने त्याच वाटेने पुन्हा फिरून तो गुळगुळीत करतात. हे सर्व यंत्र आपणहून करते. त्याच्याशी उभा असलेला मुलगा त्या वेळात चहा पिऊन येऊ शकतो, आणि येतोही.

पण तो मुलगा नुसता चहा पिणारा नव्हे. कोणत्या लाकडाला कोणती बिट, किती वेग, किती खोली, हे त्याने ठरवावयाचे असते. वेग फार ठेवला तर बिट मोडते. फार हळू ठेवला तर लाकूड करपते आणि नक्षीच्या कडा काळ्या पडतात. काम सुरू करण्यापूर्वी बिटचे टोक लाकडाच्या कोपऱ्यावर आणून टेकवावयाचे आणि यंत्राला सांगावयाचे की, येथे तुझे शून्य. याला ‘शून्य धरणे’ म्हणतात. शून्य एका केसाने चुकले, की पुढचे हजारो हुकूम तंतोतंत पाळले जातात आणि तंतोतंत चुकतात. गणित शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे ऐकून आनंद होईल.

हे यंत्र देव्हाऱ्यासाठी जन्मलेले नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचा एक कारखानदार होता. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आकार बिनचूक यावा म्हणून आकड्यांनी यंत्राला चालवण्याची कल्पना त्याने गेल्या शतकाच्या चाळिशीत मांडली. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत तिच्यावर काम झाले आणि १९५२ साली कागदी पट्टीवरील छिद्रे वाचून चालणारे कापयंत्र तेथे लोकांना दाखवण्यात आले. छिद्रांची युक्ती मात्र त्याहून जुनी. फ्रान्समध्ये जाकार्ड नावाच्या विणकराने १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला होता. कोणता धागा उचलावा हे पुठ्ठाच मागाला सांगत असे. म्हणजे विणकराचा हात पुठ्ठ्यावर उतरला, त्यानंतर दीडशे वर्षांनी लोहाराचा हात कागदी पट्टीवर उतरला, आणि आता आमच्याकडच्या सुताराचा हात पेनड्राइव्हवर उतरला आहे. तो खिशात घालून मोटारसायकलवरून नेता येतो.

आता प्रश्नाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाला नवा दरवाजा करावयाचे ठरले. जुन्या दरवाज्याला वाळवी लागली होती. वर्गणी जमली, सागवान आणले. गावात सत्तरी ओलांडलेले एक मिस्तरी आहेत. त्यांच्या वडिलांनी जुना दरवाजा केला होता. मिस्तरींनी तीन महिन्यांची मुदत आणि त्याप्रमाणे मजुरी सांगितली. त्यांच्याच घरचा नातू जालन्याच्या एका शेडमध्ये यंत्रावर काम करतो. त्याने सांगितले की, दोन्ही झडपा आणि वरची गणेशपट्टी दोन दिवसांत कोरून देतो. गावाने हिशेब केला, आणि हिशेबात गाव सहसा चुकत नाही. काम नातवाकडे गेले.

आमच्याकडे रिवाज असा, की दरवाजा उभा राहिला म्हणजे करणाऱ्याला शेला आणि नारळ द्यावयाचा. यंदा सर्वांसमोर अडचण उभी राहिली: करणारा कोण? नातू म्हणाला, कोरले यंत्राने, मी फक्त लावून दिले. यंत्राचा मालक जालन्याचा. त्याला त्याचे पैसे पोहोचले होते. गणपतीचे चित्र ज्या फाईलीत होते, ती फाईल या शेडमधून त्या शेडमध्ये हिंडत आलेली. ती मूळ कोणी काढली हे कोणालाच ठाऊक नव्हते. गुजरातेतला कोणी असेल, चीनमधला असेल. गावातल्या एका थट्टेखोर इसमाने सुचवले की नारळ मशीनलाच फोडावा. हसण्यावारी गेले खरे, पण दसऱ्याला त्या मशीनला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहिलेले मी पाहिले होते. त्यामुळे मला ते सर्वस्वी हास्यास्पद वाटले नाही.

यावर पहिले सोपे उत्तर असे की, यंत्रानेच केले. मला ते पटत नाही. ‘करणे’ या क्रियेत काहीतरी हवे असणे गृहीत आहे. यंत्राला गणपती नको होता आणि नकोसाही नव्हता. त्याच फाईलीच्या जागी दुसरी घातली असती, तर त्याने तितक्याच निष्ठेने चपलांच्या दुकानाची पाटी कोरली असती. ज्याला आपण काय करतो आहोत याची फिकीर नाही, त्याच्या नावावर काम मांडता येत नाही. चांगलेही नाही आणि वाईटही नाही.

दुसरे सोपे उत्तर शहरातल्या सुशिक्षितांचे आहे. ते म्हणतात, हातकामात आत्मा असतो, यंत्रकामात नसतो. हे उत्तर ऐकावयास गोड आहे, आणि त्याच्या पाठीशी थोर नावे आहेत. इंग्रज लेखक जॉन रस्किन याने १८५३ साली, व्हेनिसच्या दगडी बांधकामावर लिहिताना, असे प्रतिपादले होते की जुन्या कारागिराच्या कामातील ओबडधोबडपणा हीच त्याच्या स्वातंत्र्याची खूण होय. माणसाकडून हत्यारासारखी बिनचूक हालचाल मागितली, की त्याचे माणूसपण आपण काढून घेतो. विचार मोलाचा आहे. पण तो मी आमच्या मिस्तरींना सांगून पाहिला. त्यांनी विचारले, “त्या सायबानं कधी पटाशी धरली व्हती का?” मग स्वतःच्या डाव्या हाताचे एक बोट दाखवले, त्याचे पेर चाळीस वर्षांपूर्वी करवतीखाली गेले आहे. उकिडवे बसून बसून गेलेले गुडघे दाखवण्याची त्यांना गरज नव्हती. ज्याचे शरीर कामात झिजले, त्याच्या झिजेला आत्मा म्हणून गौरवण्याचा हक्क न झिजलेल्याला कितपत आहे, याचा मला संशय येतो.

शिवाय पुनरावृत्ती ही काही यंत्राने आणलेली नाही. मिस्तरींच्या पेटीत वडिलोपार्जित कागदी खाके आहेत: कमळ, वेल, पोपट, गणपती. तेच खाके त्यांनी पन्नास चौकटींवर उतरवले. आपल्याच जिल्ह्यातले भोकरदन हे गाव पाहा. प्राचीन काळी त्याचे नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. १९७३ साली तेथे उत्खनन झाले, त्यात हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती निघाली. इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेतून १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे इतके साम्य आहे, की अभ्यासक दोन्हींची नावे एका श्वासात घेतात. इतक्या लांबच्या दोन जागी एकाच घडणीच्या बाया सापडतात, याचा अर्थ त्या काळीही कारागीर ठरलेल्या नमुन्याबरहुकूम काम करीत असला पाहिजे. आणि सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीव काम केल्याचे स्पष्ट लिहून ठेवले आहे. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर चालला. माध्यम बदलले म्हणून ‘केले’ म्हणण्यात कोणाला संकोच वाटला नाही.

तिसरे उत्तर व्यवहाराचे: ज्याने पैसे मोजले त्याचे काम, बाकी चर्चा रिकामटेकड्यांची. या उत्तराला गावात नेहमीच बहुमत असते. त्याला उत्तर एकच आहे. आपण खरोखर असे मानत असतो, तर शेला आणि नारळाचा रिवाज पडलाच नसता. मजुरी देऊन झाल्यावरही काही देणे उरते, असे आपल्या पूर्वजांना वाटत होते, म्हणून तो रिवाज पडला.

पण पूर्वजांचे नाव घेतले की सगळेच घ्यावे. सुतार हा बारा बलुतेदारांतला. नांगर, तिफण, वखर, बैलगाडीचे चाक हे त्याने करावे आणि सुगीला खळ्यावर येऊन ज्वारी न्यावी, अशी रीत होती. त्या रीतीत सुरक्षितता होती तशी बेडीही होती. सुताराचा मुलगा सुतारच व्हावयाचा, आणि दुसऱ्या कोणाच्या मुलाने वाकस हातात धरावयाचा नाही. ती व्यवस्था यंत्राच्या एका घावाने मोडली असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल असे शेतकरी म्हणत होते. जमीन विषारी झाली नाही, लाकडी नांगर मात्र हळूहळू गेला. मग रबरी चाकाची गाडी आली, ट्रॅक्टर आला, लोखंडी पेरणीयंत्र आले. मिस्तरींच्या हयातीत त्यांच्या हातून एकेक वस्तू निघून गेली, आणि शेवटी कोरीव काम तेवढे उरले होते. आज जालन्याच्या त्या शेडमध्ये संगणकावर नक्षी जुळवणारी एक मुलगी आहे. ती माझी विद्यार्थिनी. तिच्या घरात सात पिढ्यांत कोणी पटाशीला हात लावलेला नाही, आणि लावू दिलाही गेला नसता. तिच्याकडे पाहिले म्हणजे जुन्या व्यवस्थेसाठी गळा काढण्याचे धाडस मला होत नाही.

तेव्हा करणारा कोण, हा प्रश्न अजून शिल्लकच आहे. मला त्याचे उत्तर मिळाले ते दरवाजा बसवण्याच्या दिवशी, आणि तेही वाकड्या वाटेने.

दरवाजा कोरला, जोडला तो भर वैशाखात. झडपा चौकटीत अशा चपखल बसल्या, की मध्ये पोस्टकार्डही जाऊ नये. सर्वांनी वाहवा केली. मिस्तरी काठी टेकत आले, त्यांनी झडप मिटून पाहिली, बोटाने फट चाचपली आणि नातवाला विचारले, “पावसाळ्याची जागा कुठं ठेवली रे?” नातवाला कळेना. तो म्हणाला, “आबा, माप बरोबर हाये. मिलिमीटरचा बी फरक नाई.” म्हातारा म्हणाला, “माप बरोबर हाये म्हूनच इचारलं. झाड कापलं म्हंजे मेलं असं नसतंय. आखाडात त्याला पुन्हा तहान लागती.”

लाकूड हवेतली ओल पिऊन आडवे फुगते आणि उन्हाळ्यात पुन्हा आकसते, हे शास्त्राच्या पुस्तकात आहे. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी फुगते, हेही आहे. पण उन्हाळ्यात केलेल्या दरवाज्याला कडांना मिळून दोन सूत जागा सोडावी, हे पुस्तकात नाही. ते मिस्तरींना त्यांच्या वडिलांनी सांगितलेले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांनी रंधा मागवला. हात कापत होता, पण रंध्याला दोन्ही हातांनी धरल्यावर तो कापेनासा झाला. त्यांनी कडा तासल्या. देवळाची भिंत जुनी, ओळंब्यात नसलेली. चौकट बसवताना वरच्या अंगाला पाचर कोठे मारावी हेही त्यांनीच दाखवले. यंत्राची बिनचूक चौकट आणि गावाची वाकडी भिंत यांची सोयरीक त्या म्हाताऱ्या माणसाने जुळवून दिली.

गावाने शेला आणि नारळ मिस्तरींना दिला. मला त्याने समाधान वाटावयास हवे होते, वाटले नाही. कारण गावाने तो दिला तो दोन सुतांसाठी नव्हे. त्या घराण्याचा मान पूर्वापार होता, म्हणून दिला. योग्य गोष्ट चुकीच्या कारणासाठी झाली. आणि ज्या मुलाने दोन रात्री जागून शून्य धरले, बिट बदलल्या, गणेशपट्टीवर एक करपलेली रेघ उठली ती बारीक काचकागदाने घासून काढली, तो मागे उभा राहून मोबाईलवर आजोबांचे फोटो काढत होता. पुढे देणगीदारांची संगमरवरी पाटी लावावयाची ठरली. मास्तर आणि वर कादंबरीकार, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. मी देणग्यांच्या खाली तीन ओळी घातल्या: जोडणी अमक्याची, यंत्रावरील कोरीव काम तमक्याचे, मूळ नक्षी अज्ञात कलावंताची. ‘अज्ञात’ या शब्दावर समितीत बरीच चर्चा झाली. लोकांना दरवाजा प्राचीन वाटेल, अशी भीती एकाने बोलून दाखवली. अखेर देणगीदारच इतके झाले की त्या तीन ओळींना दगडावर जागा उरली नाही.

या सर्वातून मी जो निष्कर्ष काढला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो. पटावा असा आग्रह नाही.

काम त्याचे, ज्याला त्या कामात चुकता येते आणि चुकल्यावर ज्याला झोप येत नाही. पटाशी चालवणाऱ्याला प्रत्येक ठोक्याला चुकता येत होते; म्हणून काम नखशिखांत त्याचे होते. यंत्राने चूक नाहीशी केली असे आपल्याला वाटते. वस्तुतः तिने फक्त घर बदलले. ती ठोक्यातून निघून ठोक्याच्या आधी जाऊन बसली: नक्षी काढण्यात, लाकूड निवडण्यात, शून्य धरण्यात, पावसाळ्याची आठवण ठेवण्यात. जेथे जेथे चुकण्याची जागा आहे, तेथे तेथे कोणीतरी करणारा उभा आहे. या मापाने पाहिले तर नातू हा करणारा आहे, फाईल काढणारा अज्ञात माणूसही आहे, मिस्तरी तर आहेतच. यंत्राला मात्र चुकता येत नाही. ते बिघडते, हे खरे; पण बिघडणे वेगळे आणि चुकणे वेगळे.

येथे कोणी विचारील, की मग हातकाम गेल्याने काहीच गमावले नाही काय? गमावले, आणि काय गमावले ते स्पष्ट सांगितले पाहिजे. वस्तू गमावली नाही, ती कदाचित पूर्वीपेक्षा सुबक मिळेल. गमावली ती वस्तू करता करता घडणारी माणसे. लाकडात गाठ आली की पटाशी थबकते. मग वेलीचे पान जरा इकडे वळवावे लागते. असे आयुष्यभर करणाऱ्या माणसाला एक सवय लागते, की समोरच्याचा स्वभाव पाहून आपला बेत बदलावा. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा पाया करावा असे मांडले, त्यामागे हीच दृष्टी असावी असे मला वाटते. चरख्यातून सूत निघावे तसे सूत काढणाऱ्यातून माणूस निघावा. आणि तेच गांधी १९२४ साली शिवणयंत्राला आपल्या विरोधातून मोकळे सोडतात, कारण बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते केले, यंत्रामागे प्रेम होते, असे ते म्हणतात. यंत्र कशाने चालते यापेक्षा ते कोणासाठी चालते, हा त्यांचा प्रश्न होता. मिस्तरींच्या गुडघ्यांसाठी जर हे यंत्र चाळीस वर्षांपूर्वी आले असते, तर ते प्रेमाचे यंत्र ठरले असते. आज ते त्यांच्या मजुरीवर चालून आले.

यातून काही कर्तव्ये निघतात, आणि ती अगदी साधी आहेत. यंत्रावर केलेले काम हातकाम म्हणून विकू नये. तो खोटेपणा आहे, आणि घेणाऱ्याइतकाच तो हाताने करणाऱ्यावरही अन्याय आहे. दुसऱ्याची नक्षी उचलावी तर विचारून उचलावी. फाईलीची नक्कल करावयास कष्ट पडत नाहीत, म्हणून ती चोरी होत नाही असे नाही. शेजाऱ्याच्या वहीतून गणित उतरवणाऱ्या मुलाचाही युक्तिवाद हाच असतो. हाताने करणाऱ्यापुढे यंत्राचा भाव नाचवून त्याची मजुरी पाडू नये. परवडत नसेल तर काम देऊ नये, पण त्याच्या तीन महिन्यांना दोन दिवसांची किंमत लावू नये. सरकारने १७ सप्टेंबर २०२३ पासून विश्वकर्म्याच्या नावाने एक योजना सुरू केली आहे; हाताने आणि अवजारांनी काम करणाऱ्या अठरा व्यवसायांत सुताराचे नाव आहे, आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साह्य मिळते. अवजारे मिळतील. पण अवजार कोठे थांबवावे हे जाणणारी माणसे पेटीत घालून देता येत नाहीत. ती एकमेकांजवळ बसूनच तयार होतात.

आणि म्हणून शेवटची गोष्ट. त्या दरवाज्यानंतर नातवाने दुसऱ्या एका गावच्या दरवाज्याचे काम घेतले. त्याने फाईलीत आधीच माप कमी धरले: कडांना मिळून ६ मिलिमीटर. दोन सुतांचे झाले तसे ६ मिलिमीटर. बापाने मुलाला सांगितलेले, मुलाने नातवाला सांगितलेले शहाणपण आता एक आकडा होऊन फाईलीत बसले आहे. ती फाईल उद्या कोणीतरी मागेल, नातू देईल, आणि शे-दीडशे कोसांवरच्या एखाद्या शेडमध्ये तो आकडा नाव न सांगता काम करीत राहील. कोकणात पाऊस जास्त पडतो म्हणून तेथल्या एखाद्या मुलाने तो आकडा बदलला, तर तो करणाऱ्यांच्या रांगेत आला; नुसताच वापरला, तर गिऱ्हाइकांच्या. हा फरक त्याला कोणीतरी सांगावयास हवा, आणि तो सांगणे हे माझ्यासारख्या शिक्षकाचे काम आहे. त्यासाठी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना आधी रंधा देतो आणि मग संगणकाच्या खोलीत नेतो. रंध्याने कोणाचेही पोट यापुढे भरेल असे मला वाटत नाही. मात्र लाकूड ‘नाही’ कसे म्हणते, हे ज्याने एकदा हातात अनुभवले आहे, तो पडद्यावर रेघ ओढतानाही त्याला विचारल्यावाचून राहत नाही.

दिवाळीत घरोघर नवे काही येते: देव्हारा, चौरंग, दाराची जाळी. ते यंत्रावर केलेले असेल तर त्यात कमीपणा नाही. भाव तर आपण विचारतोच. त्याबरोबर ‘हे केले कोणी?’ एवढेही विचारावे. दुकानदार बहुधा गोंधळेल, कदाचित हसेल. पण चार गिऱ्हाइकांनी विचारले, तर पाचव्यासाठी तो आतल्या मुलाला बाहेर बोलावील. त्या मुलाच्या कानशिलांवर लाकडाचा भुसा असेल, आणि आपले नाव कोणी विचारील याची त्याला सवय नसेल.